टाकीतलं पाणी

पिल्लं येऊन अकरा दिवस झाले आणि शेडमध्ये त्यांच्याखाली अंथरलेलं भाताचं तूस पुन्हा ओलं व्हायला लागलं. पद्मजाने वाकून मूठभर तूस उचललं आणि दाबून पाहिलं. चांगलं तूस मूठ उघडली की सुटं होऊन पडतं. याचा गोळा झाला. वासही ओळखीचा होता, मागच्या दोन बॅचच्या वेळी यायचा तोच. कोपऱ्यात सात-आठ पिल्लं पंख पाडून, मान आत ओढून उभी होती. त्यांची मागची पिसं चिकटलेली होती.

"कालच्यापेक्षा जास्त हायेत," जमनी म्हणाली. तिच्या हातातल्या घमेल्यात चार मेलेली पिल्लं होती.

जमनी आठ वर्षांपासून या शेडवर कामाला होती, म्हणजे पद्मजा लग्न होऊन या घरात आली त्याच्याही दोन वर्षं आधीपासून. बाई पन्नाशीची, कामाला चोख, बोलायला कमी. रोज सकाळी शेजारच्या तांड्यावरून चालत यायची आणि उन्हं कलली की परत जायची.

आर्णीपासून सात किलोमीटरवर बोरखडीला पद्मजाच्या सासरची शेती होती. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन, आणि शेताच्या कडेला सासऱ्यांनी, वामनरावांनी, हौसेने बांधलेलं दीड हजार कोंबड्यांचं शेड. पद्मजा स्वतः यवतमाळची. वडील कचेरीत नोकरीला. तिने सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी केली होती आणि लग्नाआधी तीन वर्षं एका लॅबमध्ये काम केलं होतं. इथे आल्यावर ते शिक्षण सहा वर्षं कपाटात पडून होतं. मागच्या दोन बॅच हगवणीने गेल्या तेव्हा ते बाहेर काढायची वेळ आली.

त्या दोन्ही वेळी घरातल्यांनी दुकानात मिळतील ती सगळी औषधं पाण्यातून पाजली होती. पहिले दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा मर सुरू. दर बॅचला तीनशेच्या वर पिल्लं खड्ड्यात गेली. शेवटी पद्मजा विष्ठेचे नमुने घेऊन यवतमाळला डॉक्टर गुंजन यांच्याकडे गेली. त्या पशुवैद्य होत्या, आणि पद्मजाच्या जुन्या ओळखीच्या. तपासणीत कळलं की पिल्लांच्या आतड्यातले जंतू नेहमीच्या तिन्ही अँटिबायोटिकना आता जुमानत नाहीत.

"मारून मारून ते निर्ढावलेत," डॉक्टर म्हणाल्या. "आता उलट्या बाजूने जाऊन पाहा. पिल्लू आलं त्याच दिवसापासून त्याच्या आतड्यात चांगले जंतू वसवायचे. त्यांनी आधी जागा धरली, की रोगाच्या जंतूंना रुजायला जागा कमी पडते. प्रोबायोटिक म्हणतात ते हेच. त्याची पावडर मिळते, ती पिण्याच्या पाण्यातून द्यायची. पण लक्षात ठेव, ही पावडर जिवंत आहे. त्या पाण्यात ब्लीचिंग पडलं, अँटिबायोटिक पडलं, की संपलं सगळं."

घरी वामनरावांनी ऐकून घेतलं आणि हात झटकला. "रोगाचे जंतू मारायचे सोडून हे आणखी जंतू पाजून राह्यले! मले काही पटत नाही. पण करा. मी आडवा येणार नाही आणि पाठीशी पण नाही."

श्रीकृष्ण मात्र लगेच म्हणाला होता, "करून पाहू ना बाबा. ती शिकलेली हाये. तिले समजते." नवरा असं सगळ्यांसमोर बोलला, हे पद्मजाला फार आवडलं होतं. पुढचे दोन दिवस ती ते मनात घोळवत होती.

आणि आता अकराव्या दिवशी हा गोळा तिच्या हातात होता.

तिचा पहिला संशय पावडरीवर गेला. पावडर आर्णीतल्या रामलालच्या पशुखाद्याच्या दुकानातून आणली होती. रामलालने ती फ्रीजमध्ये ठेवली होती की खोक्यात, कोणास ठाऊक. मुदत पुढची होती, पण मुदत छापायला काय लागतं? ती दुपारी दुकानात गेली तेव्हा रामलाल गिऱ्हाइकांना पेंड मोजून देत होता.

"वहिनी, फ्रीजमंदीच होती," तो म्हणाला. "हे पहा, अजूनही तठीच हाये. डॉक्टर मॅडमचा फोन आलता मले, थंड ठेवजो म्हणून. मी कायले खोटं बोलू?"

खोटं बोलणारा माणूसही असंच बोलला असता. पद्मजाने एक नवीन पुडा घेतला आणि घरी आली. संध्याकाळी तिने दूध कोमट करून दोन वाट्यांत ओतलं. एकीत चिमूटभर पावडर कालवली, दुसरी तशीच ठेवली. दोन्ही वाट्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या ओट्याच्या उबेला ठेवल्या, कारण डिसेंबर संपत आला होता आणि गारठ्याने दही लवकर लागत नव्हतं. सकाळी पावडरीच्या वाटीत दूध घट्ट बसलं होतं. आंबट वास आला. दुसऱ्या वाटीतलं दूध दूधच होतं.

म्हणजे पावडर जिवंत होती. रामलाल खरं बोलत होता.

पुड्यात जिवंत असलेली गोष्ट शेडच्या पाण्याच्या टाकीत गेल्यावर मरत तर नसेल? तिला माहेरच्या शेजारणीची म्हैस आठवली. म्हशीचे सड सुजल्यावर तिला इंजेक्शन दिलं, की चार दिवस त्या दुधाचं दही लागायचं नाही. औषध दुधात उतरलेलं असतं आणि ते विरजण मारून टाकतं. हे तर गावातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

तिने शेडमधल्या ड्रिंकरमधून, पिल्लांच्या पाण्याच्या भांड्यातून, बाटलीभर पाणी आणलं. पाणी किंचित पिवळट दिसत होतं, पण त्यात नवल नव्हतं. टाकीत घालायला ती जमनीला पावडरीबरोबर गूळही द्यायची, त्याचाच तो रंग. पुन्हा दोन वाट्या दूध. दोन्हींत घरचं नेहमीचं विरजण. एकीत दोन चमचे घरच्या माठातलं पाणी, दुसरीत दोन चमचे शेडचं पाणी.

दुसऱ्या सकाळी माठाच्या पाण्याचं दही लागलेलं होतं. शेडच्या पाण्याचं नव्हतं. चमचा घातला तर दूध सरळ ओघळलं.

"आज दही लागलं नाही का?" श्रीकृष्णने स्वयंपाकघरात डोकावत विचारलं.

"नाही."

"थंडीनं नसंल लागलं," तो म्हणाला आणि डबा घेऊन बाहेर गेला.

पद्मजाने त्याला काही सांगितलं नाही. उगाच त्याच्या डोक्याला त्रास नको, असं तिने मनाला समजावलं. खरं म्हणजे तिला कोणालाच सांगायचं नव्हतं. टाकीत कोणीतरी काहीतरी टाकत होतं. बोरखडीसारख्या ठिकाणी, चार माणसांच्या वावरात. ते कोण, हे कळेपर्यंत तोंड उघडलं तर तो माणूस सावध झाला असता.

त्या दिवसापासून तिची नजर बदलली. वामनराव शेडकडे फिरकले, की ती खिडकीशी यायची. दाराशी त्यांच्या चपला नसल्या, की ते कुठे गेले हे ती कोणाला तरी विचारून घ्यायची. जमनी टाकीजवळ बादली भरायला थांबली, की पद्मजा मनात मोजायची, एवढा वेळ का लागतो? जमनीचा भाऊ धरमसिंग याने मागच्या वर्षी तांड्याजवळ स्वतःचं लहानसं शेड घातलं होतं. दोघांचे पक्षी आर्णीच्याच बाजारात जायचे. हे पद्मजाला वर्षभर माहीत होतं आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं.

ती रोज सकाळी पाणी आणत होती, दोन वाट्या लावत होती. पहिला दिवस, लागलं नाही. दुसरा दिवस, लागलं नाही. तिसऱ्या दिवशीच्या पाण्याचं मात्र लागलं. पातळ, पण लागलं. चौथ्या दिवशी पुन्हा दूधच.

तिसरा दिवस आर्णीच्या बाजाराचा होता. बाजाराच्या दिवशी जमनी कामाला येत नसे.

तो दुवा सापडला तेव्हा पद्मजाला थोडं बरंही वाटलं. घरातलं कोणी नाही, एवढं तरी कळलं होतं. खात्री करायला ती मेलेली पिल्लं पुरायच्या खड्ड्याशी गेली. काठाला मातीत अर्धवट दबलेला चकचकीत कागदाचा तुकडा होता. अँटिबायोटिकच्या पुड्याचा कोपरा. आतल्या बाजूला पिवळी भुकटी चिकटलेली. खड्ड्याचं काम जमनीकडेच होतं.

त्या सकाळी कपाशी वेचणाऱ्या दोन बाया पाणी प्यायला शेडजवळ आल्या होत्या. त्यातली एक गावातलीच रुक्माबाई. वामनराव बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. जमनी आतून घमेलं घेऊन बाहेर आली आणि पद्मजाने विचारलं,

"मावशी, टाकीत काय टाकता तुम्ही?"

जमनीला प्रश्न कळला नाही. "गूळ अन् पावडर. तुम्ही देता थेच."

"आणखी काय?"

"आणखी काय टाकू मी?"

"तुमची पिशवी दाखवा."

रुक्माबाईच्या हातातला गिलास तसाच राहिला. जमनीने घमेलं खाली ठेवलं. मग तिने खुंटीवरची कापडी पिशवी काढली, पद्मजाच्या हातात दिली नाही, स्वतःच उलटी करून झटकली. फडक्यात बांधलेली भाकर खाली पडली, चटणीची पुडी, गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब, दोन रुमाल. दुसरं काही नव्हतं. पद्मजाने पुड्याचा कोपरा पुढे केला. "मग हे खड्ड्यात कसं आलं?"

जमनीने त्या कागदाकडे पाहिलं. एकदा घराकडे पाहिलं. खाली बसून तिने आपल्या वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या, भाकरीला लागलेली माती पुसली आणि गोरबोलीत, तांड्यावरच्या आपल्या बोलीत, स्वतःशीच काही म्हटलं. पद्मजाला ते कळलं नाही, आणि आपल्याला कळू नये म्हणूनच ती तसं बोलली असावी, असं वाटून पद्मजाचा संशय आणखी पक्का झाला. जमनी उठली आणि तांड्याच्या वाटेला लागली. भरलेलं घमेलं तिथेच राहिलं.

"सूनबाई," वामनराव म्हणाले, "हे बरं केलं नाही."

"मामाजी, बाजाराच्या दिवशी ती नव्हती, त्या दिवशी पाणी चांगलं होतं. मी तपासलंय."

ते उठले. शेंगा तशाच टाकून आत गेले.

संध्याकाळी श्रीकृष्णला कळलं तेव्हा तो जेवायला बसला होता. "जमनीले काढलं? कायले?"

"काढलं नाही. ती गेली." पद्मजाने त्याला वाट्यांचं, पाण्याचं, पुड्याच्या कोपऱ्याचं सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "दह्यावरून हे सगळं समजते?"

"समजतं."

त्याने अर्धी भाकर ताटातच ठेवली आणि हात धुवायला उठला. जमनीवर त्याचा जीव आहे, जुनं माणूस आहे, त्याला वाईट वाटणारच, असं पद्मजाला वाटलं.

आता शेडचं सगळं काम तिच्या अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी तिने पाणी आणलं, वाट्या लावल्या, त्या फक्त खातरजमा म्हणून. आता दही लागणारच होतं.

सकाळी फडकं सोडलं. माठाची वाटी घट्ट. शेडची वाटी पातळ, पांढरी, हलती.

पद्मजाने वाटी ओट्यावर ठेवली. जमनीने झटकलेली पिशवी डोळ्यांपुढे आली आणि तिला लाज वाटली. पण लाज वाटायलाही पुरता वेळ मिळाला नाही. जमनी नाही, तर मग घरात उरलं कोण? ती तशीच सरळ वामनरावांपुढे जाऊन उभी राहिली. ते अंगणात उन्हाला बसले होते.

"मामाजी, एक विचारते, रागावू नका. तुम्ही टाकीत औषध टाकता का?"

वामनरावांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"पोरी, मले तुही पावडर पटली नाही, हे मी तुह्या तोंडावर सांगतलं. चोरून करायचं असतं तर तोंडावर कायले बोललो असतो?" ते चष्मा पुसत म्हणाले, "तू जमनीले पकडलं, आता मले पकडून राह्यली. टाकीजवळ रोज सकाळी जाते कोण? तू चुलीपाशी असते तवा मोटार लावून टाकी भरते कोण?"

पद्मजाने वळून टाकीकडे पाहिलं.

"बाजाराच्या दिवशी तो पहाटेच आर्णीले गेलता. त्या दिवशी मोटार मी लावली." वामनरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मले काही ठावं नाही. मी पाह्यलं नाही. पण तू हिशेब करताना एक माणूस धरलाच नाही."

तिने खरंच धरला नव्हता. इतके दिवस ती प्रत्येकाच्या हाताकडे पाहत होती, आणि ज्याच्या शेजारी झोपत होती त्याच्याकडे तिची नजर एकदाही गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटलं तेव्हा तिने चूल पेटवली नाही. शाल गुंडाळून ती शेडच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. धुकं होतं. मोटार सुरू झाली, पाइपात पाणी खळखळलं. श्रीकृष्ण शिडीवरून टाकीच्या स्टँडवर चढला, झाकण बाजूला केलं आणि स्वेटरच्या आतून पुडा काढून दाताने फाडला.

"किती दिवसांपासून?" पद्मजाने खालून विचारलं.

तो इतका दचकला की पुडा टाकीतच पडला. तो वर तसाच उभा राहिला. मग हळूहळू खाली उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसला.

"सहाव्या दिवसापासून," तो म्हणाला. "त्या दिवशी तीन पिल्लं मेली होती."

"पहिल्या आठवड्यात तीन मरतातच. नेहमी मरतात."

"मले माहीत हाये. पण मागल्या बारीही अशीच तीनपासून सुरुवात झालती." तो जमिनीकडे पाहून बोलत होता. "तू घरात असे, पद्मा. तीस-तीस पिल्लं रोज मी गाडली. खड्डा भरला की दुसरा खोदला. मले वाटलं, थोडं औषध टाकलं तर तुह्या पावडरीले काय होते? दोन्ही मिळून काम करतील. बॅच चांगली निघाली असती तर तुहंच नाव झालं असतं. मी काही बोललो नसतो."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकलतं."

"मग तुमचा भरवसा कोणावर नव्हता? पावडरीवर, की माझ्यावर?"

मोटारीचा आवाज चालूच होता, टाकी भरून पाणी वरून सांडायला लागलं. पद्मजाने जाऊन बटन बंद केलं आणि परत येऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"हे जाऊ द्या. जमनीमावशी गेली, त्या संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर जेवत होता. तेव्हा का नाही बोललात?"

श्रीकृष्णने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "हिंमत नाही झाली," तो म्हणाला. बाकी कशालाही त्याने काही ना काही कारण दिलं होतं. याला त्याच्याकडे कारण नव्हतं.

अंगणातून वामनरावांचा आवाज आला. त्यांनी किती ऐकलं होतं कोणास ठाऊक. "श्रीकृष्णा, चहा नंतर पेजो. आधी तांड्यावर जाय. दोघंही जा."

जमनी धरमसिंगच्या अंगणात तूर पाखडत होती. दोघांना पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही. धरमसिंग दारात उभा राहिला. बसा म्हणाला नाही. श्रीकृष्णने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. पद्मजा म्हणाली, "मावशी, माझी चूक झाली. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

"मले माहीत होतं," जमनी म्हणाली.

"काय?"

"श्रीकृष्णभाऊ पुडा टाकते, हे मले माहीत होतं. मी दोन बाऱ्या पाह्यलं. मले वाटलं, तुम्हीच सांगतलं असंल. मंग त्या दिवशी तुम्ही मले विचारलं, तवा समजलं की तुम्हाले ठावंच नाही."

"मग बोलल्या काहून नाही तुम्ही?" पद्मजाच्या तोंडून नकळत इथलाच शब्द गेला.

जमनीने सूप थांबवलं. "बाई, तुमचा नवरा हाये तो. मी म्हनलं असतं, तर तुम्ही कोणाचं खरं मानलं असतं?"

पद्मजाला 'तुमचं' असं म्हणायचं होतं. ते खोटं झालं असतं, म्हणून ती गप्प राहिली.

"माफी माह्यापाशी मागून काय होते?" जमनी पुढे म्हणाली. "मले माहीत हाये मी काय केलं अन् काय नाही. ज्यायच्यासमोर पिशवी झाडली, त्यायले सांगा."

त्या दिवशी दुपारी पद्मजा आणि श्रीकृष्ण कपाशीच्या वावरात गेले. रुक्माबाई आणि आणखी सहा-सात बाया ओटीत कापूस भरत होत्या. श्रीकृष्णने सांगितलं की औषध त्याने टाकलं होतं. पद्मजाने सांगितलं की आळ तिने घेतला होता. बाया ऐकत होत्या. रुक्माबाईने ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि म्हणाली, "गावभर तर गेलं ना बाई ते. हे जाईल का तेवढ्या लवकर?" मग पुन्हा वेचायला लागली.

जमनी लगेच परतली नाही. तिने दुसरीकडे वेचणीचं काम धरलं होतं, ते संपेपर्यंत सोडणार नाही म्हणाली. पद्मजाने टाकी रिकामी करून घासली, पाइप धुऊन काढले, डॉक्टर गुंजन यांना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी किती उरलीत ते विचारलं. मग म्हणाल्या, "या बॅचकडून काही शिकता येणार नाही. जेवढी वाचतील तेवढी वाचव." दोनशेच्या वर पिल्लं गेली. उरलेली बारीकच राहिली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवीन पिल्लं आली आणि जमनीही आली. तिने एकच अट घातली, टाकीचं पाणी ती एकटी कालवेल. श्रीकृष्ण मोटार लावायचा आणि शिडीपासून लांब उभा राहायचा. पद्मजाशी तो जपून बोलायचा. ती उत्तरं द्यायची, पण पूर्वी दिवसभरातलं काय काय त्याला सांगायची, ते आता बंद झालं होतं. त्याच्या स्वेटरचे खिसे ती धुवायच्या आधी तपासत होती. तसं करताना स्वतःचाच राग यायचा, पण हात थांबत नव्हता.

नवव्या दिवशी एकदम नऊ पिल्लं मेली.

श्रीकृष्ण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. "पद्मा, नऊ गेले. काही टाकायचं का? तू सांग."

पद्मजालाही भीती वाटत होती. "तूस कसं आहे?"

"कोरडं हाये."

"मग थांबा. आधी पाहू."

ती दोन मेलेली पिल्लं घेऊन त्याच्याच गाडीवर यवतमाळला गेली. डॉक्टरांनी पोट उघडून आतडं लांब पसरून दाखवलं. स्वच्छ होतं, कुठे सूज नाही, फेस नाही. "हे पोटाचं नाहीच," त्या म्हणाल्या. "गारठून एकमेकांवर चढलीत आणि खालची दबून गुदमरली. रात्री शेडमध्ये वारा कुठून येतो ते शोधा."

शेडच्या उत्तरेकडचा पडदा एका कोपऱ्यात फाटला होता. श्रीकृष्णने त्याच दुपारी सुतळी आणि दाभण घेऊन तो शिवला, जमनीने खालून ताणून धरला. परत येताना गाडीवर तो म्हणाला होता, "आज औषध टाकलं असतं अन् थंडी सरून मर थांबली असती, तर मी समजलो असतो, औषधानं थांबली." पद्मजाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी.

त्या बॅचमधले चौदाशे एकोणचाळीस पक्षी गाडीत चढले. शेवटच्या दिवसापर्यंत तूस मुठीत धरलं की सुटं होऊन पडत होतं. वामनराव एकदा आत येऊन पाहून गेले. पुढच्या बॅचची पावडर आणायला आर्णीला ते स्वतः गेले.

मार्चमध्ये एके दिवशी जमनी म्हणाली, "धरमसिंगाच्या शेडात हगवण लागली. त्याले तुमच्याशी बोलायचं हाये. पण त्याचा भरोसा नाही बसून राह्यला."

पद्मजा तांड्यावर गेली. पावडरीचा पुडा, गूळ आणि स्वच्छ पाण्याची बादली घेऊन तिने धरमसिंगपुढे सगळं कालवून दाखवलं. तो हात मागे बांधून उभा होता, बादलीत न पाहता तिच्या हातांकडे पाहत होता.

"याच्यात काय काय हाये?" त्याने विचारलं. तिने सांगितलं.

"अन् दुसरं काही टाकलं नाही?"

"नाही."

"तुम्ही पिऊन दाखवा."

"अरे!" जमनी ओरडली, पण पद्मजाने तिला हाताने थांबवलं. तिने पेल्यात घोटभर पाणी घेतलं आणि पिऊन टाकलं. गोड होतं, किंचित आंबट.

धरमसिंग ती नीट उभी आहे ना, हे पाहत असल्यासारखा थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "पहिले पन्नास पिल्लांवर पाहीन. बाकीच्याले नाही."

"बरं," पद्मजा म्हणाली. "पन्नास वेगळी काढा. मी रोज सकाळी येईन, तुमच्यासमोरच कालवीन."